सफर: वाळवंटातली आणि आपल्या खाडीतली



आज आपण एका शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे 'सफारी'. किल्ला पाहायला आलेले पाहुणे अलीकडे गावात विचारतात, "इथे सफारी आहे का हो?" आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. कुणाला वाटते, सफारी म्हणजे शिवलेला कोट. कुणाला वाटते, सफारी म्हणजे मोठी मोटार. दोन्ही बरोबर. पण मूळ अर्थ निराळा आहे.

मूळ शब्द अरबी. 'सफर', म्हणजे प्रवास. तो आपल्या मराठीत केव्हाच आला. 'समुद्राची सफर' असे आपण सहज म्हणतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषा चालते. तिच्यात त्याच शब्दाची 'सफारी' झाली. हे कसे झाले? तर वाऱ्याने झाले. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो. त्या वाऱ्यावर गलबते आपल्या बाजूने आफ्रिकेकडे जात. पुढे वारा फिरला, नैर्ऋत्येकडून वाहू लागला, की ती परत येत. शेकडो वर्षे ही ये-जा चालली. गलबतात माल असे, माणसे असत, आणि माणसांच्या तोंडी शब्द असत. एकच शब्द दोन्ही किनाऱ्यांवर उतरला, तो असा.

पूर्वी साहेब लोक आफ्रिकेत सफारीला जात ते बंदूक घेऊन. हत्ती मारायचे, सिंह मारायचे, कातडी घेऊन घरी जायचे. आता बहुतेक लोक जातात ते कॅमेरा घेऊन. जनावर पाहायचे, त्याचे चित्र काढायचे आणि परत यायचे. जनावर जागच्या जागी राहते. हा फरक लक्षात ठेवा. आजचे सगळे बोलणे या फरकावरच आहे.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. भिंतीवर नकाशा टांगायचा आणि पट्टीने मुलांना आफ्रिका दाखवायची. आम्ही तिकडे गेलेलो नाही. पण त्या मुलखाची माहिती गोळा करता करता आम्हाला आपल्याच खाडीबद्दल काही गोष्टी सुचल्या. त्या तुमच्यापुढे मांडतो.

समुद्राकाठचे वाळवंट

आफ्रिकेच्या दक्षिण भागात नामिबिया नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिमेला समुद्र आहे, जसा आपल्या पश्चिमेला आहे. पण आपल्या किनाऱ्यावर माड, आंबा आणि भात. तिथल्या किनाऱ्यावर नुसती वाळू. या वाळवंटाचे नाव नामिब. वाळूचे काही डोंगर तीनशे मीटरहून उंच आहेत. समोर एवढा समुद्र, आणि पाण्याचा थेंब नाही!

असे का? तिथल्या समुद्रात दक्षिणेकडून थंड पाण्याचा प्रवाह येतो. थंड पाण्याची वाफ कमी होते. हवा जड राहते, वर चढत नाही. म्हणून धुके पडते, पण पाऊस पडत नाही. आपला समुद्र उबदार. त्याची वाफ पावसाळी वाऱ्याबरोबर येते, सह्याद्रीला अडते, वर चढते आणि आपल्यावर कोसळते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नामिबच्या किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी पंचवीस मिलिमीटरसुद्धा पडत नाही.

तरी तिथे जीव आहेत. एक काळा भुंगा आहे. पहाटे धुके आले की तो वाळूच्या टेकाडावर चढतो. डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात, ओघळतात आणि त्याच्या तोंडात पडतात. तेवढ्यावर त्याचा दिवस निघतो. एक झाड आहे. त्याला जन्मभर दोनच पाने. ती पाने वाऱ्याने फाटून चिंध्या होतात, पण झाड हजार वर्षांवर जगते.

त्याच देशात, आतल्या बाजूला, इटोशा नावाचे खारे मैदान आहे. जवळजवळ आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढे! बहुतेक वर्षभर ते कोरडे आणि पांढरे. त्याच्या कडेकडेने झरे आणि पाणवठे आहेत. उन्हाळा चढला की हत्ती, जिराफ, झेब्रे, सिंह, हरणे, सगळ्यांना तिथेच यावे लागते. सफारीचे लोक काय करतात? पाणवठ्यापासून दूर, गाडीत गप्प बसून राहतात. धावाधाव नाही, आरडाओरड नाही. गाडीतून उतरायचे नाही. जनावराला काही खायला टाकायचे नाही. पहाटे आणि सांजच्याला जायचे, कारण जनावर त्याच वेळी हिंडते. सोबतचा वाटाड्या मातीतले पाऊल वाचतो. कोण गेला, केव्हा गेला, एकटा की पिल्लासकट, हे तो सांगतो. आपण पुस्तक वाचतो, तसा तो माती वाचतो.

समुद्राला न मिळणारी नदी

नामिबियाच्या शेजारी बोत्स्वाना देश. त्याचा मोठा भाग कालाहारी नावाच्या वाळूच्या मुलखाने व्यापला आहे. त्या वाळूत एक नदी येते. तिचे नाव ओकावांगो.

आपली वाघोटण नदी सह्याद्रीत उगम पावते आणि खाडीतून समुद्राला मिळते. लहान मुलालाही ठाऊक आहे, नदी समुद्राला मिळते. पण ओकावांगो समुद्राला मिळतच नाही. ती अंगोला देशाच्या डोंगराळ भागात उगम पावते, वाळवंटाकडे वाहते, आणि वाळवंटात हाताच्या पंजासारखी पसरते. तिथेच तिचे पाणी संपते. बरेचसे उन्हाने आणि झाडांवाटे वाफ होऊन जाते, थोडे जमिनीत मुरते.

आता गंमत पहा. अंगोलात पाऊस पडतो डिसेंबर ते मार्च. ते पाणी सपाट जमिनीवरून सावकाश सरकत येते. खालच्या टोकाला माउन नावाचे गाव आहे. तिथवर पोचायला जून-जुलै उजाडतो. म्हणजे आजूबाजूला कोरडा ऋतू, आभाळात ढग नाही, आणि पाणी मात्र चढत असते! पूर भरात आला की पाणी आपल्या जिल्ह्याच्या दुपटीहून अधिक मुलूख व्यापते. लव्हाळे, कमळे, मासे, पक्षी, पाणघोडे, मगरी, सगळे तिथे नांदते. आजूबाजूच्या वाळवंटातली जनावरे पाण्यासाठी तिकडे धाव घेतात.

त्या पाण्यात हजारो बेटे आहेत. ती कुणी बांधली? पुष्कळशी वाळवीने! वाळवी वारूळ उभारते. पूर आला तरी वारुळाचा माथा कोरडा राहतो. त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बी पडते, झाड उगवते, मुळांशी माती धरते आणि बेट वाढत जाते. पाणघोडे रोज त्याच वाटेने जातात, म्हणून गवतातून पाण्याच्या वाटा मोकळ्या राहतात. लहानमोठ्या जिवांनी मिळून तो देश घडवला आहे.

तिथली सफर होडीतून होते. एकाच ओंडक्याची कोरलेली अरुंद होडी. तिला मोकोरो म्हणतात. मागे एक माणूस उभा राहतो आणि लांब काठीने तळ रेटत होडी हाकतो. इंजिन नाही, आवाज नाही. मोठमोठी झाडे पडू नयेत म्हणून आता पुष्कळ होड्या फायबरच्या करतात. होडी हाकणारे तिथल्याच गावचे असतात.

जनावरांच्या वाटेविषयी एक गोष्ट सांगतो. तिथले काही झेब्रे दरवर्षी ओकावांगोच्या पाण्याकडून दूर खाऱ्या मैदानाकडे चरायला जात. १९६८ साली गुरांचा रोग पसरू नये म्हणून मध्ये लांबच लांब कुंपण घातले. झेब्र्यांची वाट अडली. २००४ साली ते कुंपण काढले. त्यानंतर थोड्याच वर्षांत झेब्रे पुन्हा त्या वाटेने चालू लागले. मधल्या काळात झेब्र्यांच्या पिढ्या उलटल्या होत्या. तरी वाट मोकळी झाल्याबरोबर जीव परत आला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या खाडीशी तिचा संबंध आहे.

पाहुणे पाहून जातात, पदरात काय पडते?

इथवर ऐकून तुमच्यातला कुणी म्हणेल, "गुरुजी, ह्यां सगळां बरा. पण तेच्यात आमका काय मिळतला?" प्रश्न अगदी रास्त आहे. आफ्रिकेतल्या गावकऱ्यांनीही हाच प्रश्न विचारला. त्याची दोन उत्तरे तिथे मिळाली. एक वाईट, एक बरे.

वाईट आधी सांगतो. कालाहारीत सान नावाचे लोक हजारो वर्षे राहत आले. शिकार आणि कंदमुळे यांवर त्यांचा निर्वाह. शहामृगाच्या अंड्याच्या कवटीत ते पाणी साठवून वाळूत पुरून ठेवत. १९६१ साली त्या मुलखाचे अभयारण्य झाले. सान लोक आतच राहत होते. पुढे १९९७ साली आणि पुन्हा २००२ साली सरकारने त्यांना तिथून हलवले. ते लोक कोर्टात गेले. २००६ च्या डिसेंबरात कोर्टाने निकाल दिला की, त्यांना बेकायदा हलवले. २०११ साली आणखी एक निकाल झाला, आणि आपल्या जमिनीत विहीर वापरण्याचा त्यांचा हक्क मान्य झाला. म्हणजे पहा, ज्या मातीत वाडवडील गेले, तिथले पाणी पिण्यासाठी सुद्धा कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता बरे उत्तर. ते नामिबियाचे. १९८० च्या सुमारास तिथल्या वायव्य भागात मोठा दुष्काळ पडला, आणि चोरटी शिकारही फार झाली. हत्ती आणि गेंडे संपत आले. तेव्हा गावच्या मुख्यांनी आपल्यातलेच राखणदार नेमले. रानाची खडान् खडा माहिती असलेली माणसे निवडली. काही तर आधी स्वतः शिकार करणारे होते! पाऊल ओळखणारा माणूस शिकारीला उपयोगी, तसाच राखणीलाही. १९९० साली तो देश स्वतंत्र झाला. १९९६ साली कायदा झाला की, गावकऱ्यांनी आपली हद्द ठरवावी, सभासदांची यादी करावी, समिती निवडावी, पैसे कसे वाटायचे ते लिहून द्यावे. मग रानातल्या जनावरांपासून होणारी मिळकत त्या गावसंस्थेची. १९९८ साली अशा पहिल्या चार संस्था नोंदल्या गेल्या. आता ऐंशीहून अधिक आहेत. बाहेरच्या कंपनीला पाहुण्यांसाठी तंबू उभारायचे असतील, तर तिने या संस्थेशी लेखी करार करायचा. भाडे किती, गावच्या किती मुलांना काम, सगळे कागदावर.

सगळे गोड आहे असे नाही. हत्ती येतो आणि पाण्याची टाकी फोडतो. सिंह गाय मारतो. पाहुणा म्हणतो, "काय सुंदर हत्ती!" आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. आपल्याला हे कळायला आफ्रिकेत जायला नको. आपल्याच दोडामार्ग तालुक्यात २००२ सालापासून कर्नाटकातले हत्ती येऊ लागले. माड मोडले, केळी तुडवल्या, माणसेही दगावली. म्हणून आम्ही म्हणतो, ज्याचे नुकसान होते त्याच्या हाती मिळकतीचा वाटा पडला पाहिजे. नाहीतर तो जनावराला का राखील? उपदेशाने पोट भरत नाही.

गेलेले परत आणणे सोपे नाही

जे आहे ते राखले नाही तर काय होते? चित्त्याचे उदाहरण घ्या.

एके काळी आपल्या देशात चित्ते होते. राजेलोक ते पाळत आणि त्यांच्याकडून हरणांची शिकार करवत. कोल्हापूरच्या दरबारातही असे शिकारी चित्ते होते. पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले. मग कोल्हापूरच्या दरबाराने ते आफ्रिकेतून आणवले. मध्य हिंदुस्थानात कोरिया संस्थान होते. तिथे १९४७ साली तीन चित्ते मारले गेले. ते देशातले शेवटचे मानतात. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

मग सत्तर वर्षांनी आपण पुन्हा आफ्रिकेच्या दाराशी गेलो. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात सोडले. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. विमान, डॉक्टर, पिंजरे, राखणदार, सगळे आले. तरी त्यांतले काही चित्ते दगावले. फुकट मिळालेली वस्तू आपण घालवली, आणि ती परत आणायला केवढा खटाटोप करावा लागला! घरातले बियाणे दळून खाल्ले की पेरणीच्या वेळी सावकाराचे दार धरावे लागते. हा प्रकार तसाच.

वेंगुर्ल्याच्या बायकांनी काय केले

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपल्याकडे सिंह नाही, जिराफ नाही. मग दाखवायचे काय?

वेंगुर्ल्याला मांडवी नावाची खाडी आहे. तिच्या काठाने कांदळवन आहे. तिथल्या मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांचा एक बचत गट आहे. त्याचे नाव स्वामिनी. २०१७ साली या बायकांनी कांदळवनाची सफर सुरू केली. राज्य सरकारचा कांदळवन विभाग आणि संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था यांनी त्यांना मदत केली. पाहुण्यांना होडीत बसवायचे, अंगात जाकीट घालायला द्यायचे, आणि खाडीत नेऊन झाडे आणि पक्षी दाखवायचे. होडी वल्हवतात बायकाच. झाडांची नावे सांगतात बायकाच. ओकावांगोची मोकोरो आणि मांडवीची होडी यांत फरक किती? तिथे काठी, इथे वल्हे. एवढाच.

तुम्ही म्हणाल, कांदळात काय पाहायचे? चिखल आणि डास! मंडळी, असे म्हणू नका. कांदळाचे झाड मोठे शहाणे असते. खारट पाण्यात दुसरे झाड मरेल, पण हे जगते. काही झाडे मुळाशीच मीठ गाळतात. काही पानांवाटे मीठ बाहेर टाकतात. तिवराचे पान चाटून पहा, खारट लागेल. चिखलात हवा नसते. म्हणून तिवराची आणि चिप्पीची मुळे जमिनीतून वर बोटांसारखी येतात आणि श्वास घेतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि शेंगेसारखे लोंबते. मग ते खाली पडते आणि चिखलात रोवले जाते. आई लेकराला कडेवर वाढवते आणि मग खाली सोडते, तसेच हे.

या मुळांच्या जाळ्यात माशांची आणि कोळंबीची पिल्ले लपतात. मोठा मासा आत शिरू शकत नाही. पिल्ले तिथे वाढतात आणि पुढे खाडीत, समुद्रात जातात. कालवे, खेकडे, शिंपले तिथेच होतात. म्हणजे कांदळ तोडणे म्हणजे जाळ्यात येणारा पुढचा मासा आजच मारणे. शिवाय वादळ आले की लाटेचा पहिला तडाखा कांदळ झेलतो. काठाची माती धरून ठेवतो.

मुंबईच्या उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळतोडीला मनाई केली, आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष ठरवले. पण कायदा खाडीवर रोज पहारा करीत नाही. पहारा करतो काठचा माणूस. आणि तो केव्हा करतो? वेंगुर्ल्यातल्या बाईला ठाऊक आहे की, कांदळ उभा आहे तोवर होडी चालेल, आणि होडी चाललेली असेल तर चूल पेटेल. नामिबियाच्या राखणदाराला जे कळले, तेच हिलाही कळले.

आणि ती कुंपणाची गोष्ट आठवा. खाडीत बांध घातला, भराव टाकला, की भरतीच्या पाण्याची वाट अडते. पाणी फिरले नाही की कांदळ सुकतो. कुऱ्हाड न लावताही वन मरते. झेब्र्याला जशी वाट हवी, तशी भरतीलाही हवी.

आता आपला विजयदुर्ग

११ जुलै २०२५ रोजी आपला विजयदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. मराठ्यांचे बारा किल्ले एकदम त्या यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्याच यादीत २०१४ साली ओकावांगोचे नाव गेले होते. ते यादीतले हजारावे ठिकाण होते. म्हणजे कालाहारीतली ती नदी आणि आपला हा तीन तटांचा किल्ला, दोन्हींची नावे आता एकाच वहीत आहेत.

नाव गेले की पाहुणे येतात. जगात सगळीकडे हेच होते. प्रश्न एवढाच की, आल्यावर काय? दोन्ही वाटा आपल्यापुढे आहेत. एक वाट अशी: जमीन विकायची, आलेले पैसे लग्नात आणि मोटारसायकलीत घालवायचे, आणि मग त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या हॉटेलात पहारेकरी म्हणून उभे राहायचे. दुसरी वाट अशी: जमीन, खाडी आणि सडा आपल्या हातात ठेवायचा, तो नीट दाखवायचा, आणि दाखवण्याची मजुरी घ्यायची.

दाखवायला आपल्याकडे कमी नाही. किल्ला आहे. खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी आहे. खाडीत कांदळवन आहे. आणि सडा आहे. मे महिन्यात सडा पहा. काळाकुट्ट कातळ, पाय भाजतात, हिरवे पान दिसत नाही. अगदी वाळवंट! तोच सडा श्रावणात पहा. पाण्याची डबकी, बेडूक आणि फुलेच फुले. ओकावांगोत जे पुरामुळे होते, ते आपल्याकडे पावसामुळे होते. पलीकडे राजापूर तालुक्यात काशेळीच्या सड्यावर पूर्वीच्या माणसांनी भलामोठा हत्ती कोरला आहे, आणि त्याच्या अंगात इतर प्राणी. आपल्या मालवण तालुक्यात कुडोपीला अशीच कातळशिल्पे आहेत. नामिबियातल्या खडकांवरही जुन्या माणसांनी जिराफ आणि गेंडे कोरले आहेत. दोन्हीकडच्या माणसांना जनावर पाहून तेच सुचले.

मग करायचे काय? आम्हाला चार गोष्टी सुचतात.

पहिली. आपल्याकडे काय आहे त्याची नोंद करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत एक समिती असते, आणि गावच्या झाडांची, माशांची, पाखरांची नोंदवही करायची असते. आपल्या पंचायतीत ती वही कुठे आहे ते विचारा. उघडून वाचा. म्हाताऱ्या तांडेलाला जे ठाऊक आहे, ते त्यात आहे का पहा. नसेल तर लिहवून घ्या.

दुसरी. दाखवणारा माणूस गावचाच असू द्या. त्याला झाडाचे नाव, पक्ष्याचे नाव आणि किल्ल्याचा खरा इतिहास सांगता आला पाहिजे. थापा मारू नयेत. पाहुण्याला थाप कळते, आणि मग तो पुन्हा येत नाही.

तिसरी. मर्यादा घाला. बोत्स्वानाने ठरवले की पाहुणे थोडे, पण त्यांच्याकडून दाम पुरा घ्यायचा. गर्दीने पाणवठा गढूळ होतो. खाडीत एका वेळी किती होड्या, कर्णा वाजवायचा की नाही, प्लॅस्टिक कुणी उचलायचे, हे पाहुणे येण्याआधी ठरवा. आल्यावर भांडून उपयोग नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती तुमच्या हातातल्या या पुस्तकाशी जुळलेली आहे. नामिबियातल्या गावांचे चालले ते कशावर? हद्द लिहिली. सभासद लिहिले. करार लिहिला. हिशेब लिहिला. सानांनी आपला हक्क मिळवला तोही कोर्टाच्या कागदावर. ज्याला कागद वाचता येतो, त्याची खाडी त्याच्याकडे राहते. उद्या कुणी गोड बोलून तुमच्यापुढे कागद ठेवील. पूर्वी आपले वडील अंगठा देत. तुम्ही अंगठा देऊ नका. सहीसुद्धा घाईने करू नका. कागद घरी आणा. दिव्यापाशी बसून एकेक ओळ वाचा. जमीन विकत मागतात की भाड्याने? किती वर्षांसाठी? वाट मोकळी राहणार की कुंपण पडणार? काम गावच्या मुलाला मिळणार, असे लिहिले आहे की नुसते तोंडाने सांगितले आहे? जे कळले नाही ते विचारा. ग्रामसभेत उठून मोठ्याने विचारा. आयाबायांनीही विचारा. वेंगुर्ल्याच्या होडीचे वल्हे बायकांच्याच हातात आहे.

आफ्रिकेतला वाटाड्या मातीतले पाऊल वाचतो, म्हणून सिंहाच्या तोंडी जात नाही. तुम्ही आता अक्षर वाचता. त्या वाचनाने आपली खाडी आणि आपला सडा राखा. आपल्या नातवंडांनाही होडीत बसून कांदळाची मुळे बघता आली पाहिजेत.

एवढे बोलून आम्ही थांबतो. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी विचारावे.

रामराम.